संबळ, रिफ आणि एक अँप्लिफायर

मेटल वाजवायचं तर अँप मेटलचाच पाहिजे, यावर भाचा ठाम आहे. मामांचं मत नेमकं उलटं. ज्याला एकच अँप परवडतो त्यानं सगळं वाजवणारा अँप घ्यावा आणि त्यातूनच मेटल काढावं, असं ते म्हणतात. दोघंही धाराशिवचे. मामांची उमेदीची वर्षं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, भीमजयंतीच्या रात्री आणि नवरात्रातल्या मंडपांत गिटार वाजवण्यात गेली. भाचा अभियांत्रिकी शिकतो, त्याची गिटार कायम 'ड्रॉप सी'मध्ये, म्हणजे नेहमीपेक्षा बरीच खाली, लावलेली असते, आणि गोंधळातलं संबळ नि मेटलचा रिफ एकत्र वाजवायचं त्याच्या मनात आहे. ही दोन माणसं या लेखासाठी उभी केली आहेत. त्यांच्या बोलण्यात येणारी यंत्रं, वादक आणि आकडे मात्र खरे आहेत, आणि मराठवाड्यात इलेक्ट्रिक गिटार हाती घेतलेल्या कुणालाही हा वाद ओळखीचा वाटेल.

"पीव्ही 6505," भाचा म्हणतो. "1992 साली पीव्हीनं एडी व्हॅन हेलनच्या नावानं 5150 काढला. व्हॅन हेलननं कंपनी सोडल्यावर त्याचंच नाव 6505 झालं. 120 वॅट, पॉवरला चार 6एल6 व्हॉल्व्ह. मेटलच्या किती रेकॉर्डिंगमध्ये तो वाजलाय याची गणती नाही."

"आणि तो नेणार कशातून? नुसतं हेड वीस किलोच्या घरात. त्याखाली चार स्पीकरचं कॅबिनेट, ते त्याहून जड. एसटीच्या डिकीत घालून उमरग्याला नेणारेस?"

"छोटा हत्ती करू की."

"बरं, गाडी केली. 120 वॅट उघडणार कुठं? घरात आवाजाचं बटण एकावर ठेवलं तरी शेजारी दार वाजवतील."

वॅटच्या आकड्यांबद्दल पोरांच्या डोक्यात एक मोठा गैरसमज असतो, तो इथंच दूर केलेला बरा. वॅट दुप्पट झाले की आवाज दुप्पट होत नाही, फक्त 3 डेसिबलनं वाढतो. कानाला साधारण दुप्पट वाटण्यासाठी 10 डेसिबलची वाढ लागते, म्हणजे वॅट दहापट. 60 आणि 120 वॅटच्या अँपमधला फरक म्हणूनच जेमतेम जाणवतो, आणि 5 वॅटचा व्हॉल्व्ह अँप 50 वॅटवाल्याच्या निम्म्यानं तरी ऐकू येतो. जास्त वॅटचा खरा उपयोग वेगळा आहे. खालचा स्वर न फाटता, स्वच्छ वाजायला जागा मिळते. वादक त्याला 'हेडरूम' म्हणतात. मेटलला ही जागा लागते, आणि नाजूक, स्वच्छ वादनालाही तितकीच लागते. मामा-भाच्याच्या वादाचं मूळ इथं आहे, फक्त दोघांनाही ते अजून दिसलेलं नाही.

मामांचा पुढचा मुद्दा विजेचा. गावाकडं शेतीपंप सुरू झाले की दाब घसरतो. 230 व्होल्टच्या जागी 180 आले तर व्हॉल्व्हच्या फिलॅमेंटला 6.3 ऐवजी 5 व्होल्टही मिळत नाहीत. आवाज मरगळतो आणि व्हॉल्व्हचं आयुष्यही घटतं. "बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स एके काळी व्हॉल्व्ह बनवायची, गावोगावचे रेडिओवाले ते बदलून द्यायचे," मामा सांगतात. "आज तुझा 12एएक्स7 गेला तर बाहेरनं मागव आणि वाट बघ. कार्यक्रम काय थांबणारे?"

भाच्याकडं उत्तर आहे: स्टॅबिलायझर. तो बरोबर आहे, पण अर्धाच. स्टॅबिलायझर दाब सांभाळतो, अर्थिंग देत नाही. मंडपात जनरेटर असतो, तिसऱ्या पिनचा पत्ता नसतो, आणि गिटारच्या तारांवर हात ठेवून गायकाच्या माईकला ओठ लावला की झटका बसतो. हा झटका जीवघेणा ठरू शकतो. अँप मेटलचा असो नाहीतर भजनाचा, आधी टेस्टर लावून, अर्थिंग बघून मगच जॅक लावायचा. व्हॉल्व्ह अँपच्या पोटात 400 ते 500 व्होल्ट खेळतात आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ तो भार राहतो. तेव्हा घरी स्क्रू खोलून बघायचा उद्योग करू नये, आणि स्पीकर जोडल्याशिवाय असा अँप चालूही करू नये. त्यानं आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

"मामा, तुम्ही वजन, वीज, दुरुस्ती एवढंच बोलायलाव," भाचा शेवटी वैतागतो. "आवाजाचं बोला की."

मग मामा आवाजाचं बोलतात, आणि तिथून वाद खरा रंगतो.

"टोनी आयोमी ठाऊक आहे ना? ब्लॅक सॅबथचा. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांचा असताना उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. पोरगा डावखुरा, म्हणजे तारा दाबायच्या त्याच हातानं. बोटांना टोपणं बसवली आणि पुढं तारा सैल करून गिटार खाली लावली. 1971 च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'त तो खाली लावलेला आवाज ऐक. आता सांग, त्याचा अँप कुठला?"

"लेनी."

"लेनी. मेटलचा अँप म्हणून कुणी बनवलेला नव्हता तो, कारण मेटल हे नावच तेव्हा रुळलं नव्हतं. आणि त्याच्या आधी आयोमी काय लावायचा? ट्रेबल बूस्टर. डॅलस रेंजमास्टर. सगळ्यात जड आवाज काढणारा माणूस अँपच्या आधी वरचे स्वर उचलत होता, खालचे नाही."

हा मुद्दा अँपच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा महत्त्वाचा आहे, म्हणून इथं थोडं थांबायला हवं.

डिस्टॉर्शन म्हणजे लहरीचा माथा कापला जाणं. माथा कापला की मूळ स्वराच्या पटीतले नवे स्वर तयार होतात आणि आवाजाला धार येते. दोन स्वर एकत्र वाजवले तर आणखी एक गोष्ट घडते: त्यांच्या कंपनांची बेरीज आणि वजाबाकीही ऐकू यायला लागते. साध्या लावलेल्या गिटारची जाड तार 82.4 हर्ट्झवर वाजते. तिच्यासोबत पंचम घेतला तर तो 123.5. वजाबाकी साधारण 41 हर्ट्झ, म्हणजे बेस गिटारची मोकळी खालची तार. षड्ज-पंचमाची जोडी डिस्टॉर्शनमध्ये एवढी भक्कम का वाटते, ते या गणितात आहे. वाजवणारा दोन स्वर वाजवतो आणि अँप त्याखाली तिसरा भरतो. तेच षड्जासोबत गांधार घेतला तर बेरीज-वजाबाकीतले स्वर एकमेकांत नीट बसत नाहीत आणि खरखर होते. मेटलचे रिफ षड्ज-पंचमाच्या जोडीवर, म्हणजे पॉवर कॉर्डवर, उभे असतात ते यामुळं.

पण अँपमध्ये शिरतानाच खालचा भाग जास्त असला तर हे वजाबाकीचे स्वर एकमेकांवर चढतात आणि घट्ट रिफचा चिखल होतो. म्हणून आधी खालचा भाग छाटायचा, मग फाडायचं, आणि हवा तेवढा बेस नंतर भरायचा. आयोमीच्या रेंजमास्टरनं तेच केलं. 1979 साली आलेलं आयबानेझचं टीएस808 हे हिरवं पेडलही तेच करतं: खालचं छाटतं आणि 720 हर्ट्झच्या आसपासचा मधला भाग वर उचलतं. 6505 सारख्या भरपूर गेन असलेल्या अँपच्या आधीही मेटलवाले हे पेडल लावतात, गेन जवळपास शून्यावर ठेवून.

"म्हणजे 6505 वाल्यालाही पेडल लागतंच," मामा म्हणतात. "मग पेडल घे आणि स्वच्छ अँप घे."

"मेटॅलिकानं 'मास्टर ऑफ पपेट्स'ला मेसा बूगीचा मार्क टूसी प्लस वापरला. स्लेयरच्या केरी किंगकडं मार्शलचा जेसीएम800. हे लोक स्वच्छ अँपला पेडल लावून थांबले नाहीत."

"आणि मेटॅलिकाचे स्वच्छ भाग कशावर? रोलंडच्या जॅझ कोरसवर. जेसी-120, 1975 चा, ट्रान्झिस्टरवाला. नावातच जॅझ आहे बाबा."

"म्हणजे त्यांनाही एका अँपनं भागलं नाही! मी तेच सांगायलोय की."

या फेरीत भाचा सरस ठरतो, हे मान्य करावं लागेल. सगळं वाजवणारा एक अँप ही कल्पना मोठ्या बँडांनीही पाळली नाही. मामांचं पुढचं उदाहरण मात्र तितकंच वजनदार आहे. पँटेराचा डाइमबॅग डॅरेल. मेटलमधल्या सगळ्यात धारदार आवाजांपैकी एक त्याचा, आणि 1990 च्या 'काउबॉइज फ्रॉम हेल'च्या काळात तो वाजत होता रँडॉलच्या ट्रान्झिस्टर अँपवर. व्हॉल्व्हशिवाय मेटल होत नाही, हा समज त्या एका माणसानं मोडला. मराठवाड्यातल्या विजेचा विचार केला तर ट्रान्झिस्टर अँपचं हे उदाहरण भाच्यानं भिंतीवर लिहून ठेवावं.

आता संबळाकडं वळू, कारण भाच्याचा खरा ध्यास तो आहे आणि अँपची निवडही त्यावरच ठरायला हवी.

तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ ऐकलेल्या माणसाला संबळ समजावून सांगावं लागत नाही. कमरेला बांधलेली दोन चर्मवाद्यं, एक लहान नि एक मोठं, दोन काठ्यांनी वाजवलेली. सोबत तुणतुणं नि झांज. लहान तोंडाचा आवाज कडक, मधल्या आणि वरच्या पट्टीत लखलखीत. मोठ्याचा खाली घुमणारा. भारतीय तालवाद्य आणि मेटल एकत्र आणण्याला आता आधारही आहे. दिल्लीच्या 'ब्लडीवूड'नं ढोल घेऊन 2019 मध्ये जर्मनीतल्या वाकेनच्या महोत्सवात वाजवलं. मुंबईत 'डेमॉनिक रेझरेक्शन', 'भयानक मौत', 'झायग्नेमा' यांनी मेटलची वाट घडवली. 1986 साली रंगभवनात सुरू झालेल्या 'इंडिपेंडन्स रॉक'नं त्याआधीच्या पिढीला मंच दिला होता. संबळ घेऊन तुळजापूरच्या मातीतला रिफ कुणी वाजवला तर ऐकणारे मिळतील, हे या लेखकाला मनापासून वाटतं.

"पण तू घरी जो आवाज लावतोस, त्यात संबळ घेतलंस तर गिटार ऐकू येणारच नाही," मामा म्हणतात.

"का?"

"मिड शून्यावर ठेवतोस म्हणून. बेस पूर्ण, ट्रेबल पूर्ण, मध्ये खड्डा. एकट्यानं ऐकायला भारी वाटतं. मंडपात खाली बेस गिटार नि ड्रमची किक बसलेली, वर झांज. गिटारला जागा उरते ती मधलीच, आणि तीच तू कापून टाकलीस."

"आणि संबळाचं लहान तोंडही मध्येच वाजतं..."

"म्हणून मिड उचलायचा, पण संबळ जिथं कडाडतं तिथं जागा सोडायची. हे अँपवर लिहिलेलं नसतं. संबळवाल्याला समोर बसवून, एक एक बटण फिरवून शोधावं लागतं."

भाच्याला इथं आणखी एक गोष्ट कळायला हवी. मेटलच्या कॅबिनेटमध्ये फार वापरला जाणारा सेलेस्टियनचा 'व्हिंटेज 30' हा बारा इंची स्पीकर 1986 पासूनचा. त्याचा कंपनीनं दिलेला पल्ला आहे 70 ते 5000 हर्ट्झ. ड्रॉप सीची जाड तार वाजते 65.4 वर, म्हणजे मूळ स्वर स्पीकरच्या पल्ल्याबाहेरच पडतो. ऐकणाऱ्याला जो जडपणा जाणवतो तो वरच्या पटीतल्या स्वरांचा, आणि खालची पोकळी भरायचं काम बेस गिटारचं. मेटलचा आवाज 'खाली' आहे असं वाटतं, पण गिटारचं खरं काम वरच्या अंगाला चालतं.

वरच्या टोकाचं उलट आहे. 5000 हर्ट्झच्या पुढं गिटारचा स्पीकर जवळपास गप्प होतो, आणि त्या गप्प होण्यानंच डिस्टॉर्शन कानाला सुसह्य होतं. आपल्याकडच्या मंडपात मात्र गिटारची वायर बऱ्याचदा थेट मिक्सरला जाते आणि तिथून अहुजाच्या अँपला नि भोंग्याला. भोंगा वरचे स्वर भरपूर फेकतो, म्हणून पेडलमधलं डिस्टॉर्शन तिथं कढईत मोहरी तडतडावी तसं ऐकू येतं. अनेक पोरं त्या रात्री पेडलला दोष देतात. दोष मध्ये कॅबिनेट नसल्याचा असतो.

यावर आजच्या काळातलं उत्तर म्हणजे मॉडेलिंग: वेगवेगळ्या अँपचं नि कॅबिनेटचं वागणं गणितानं उभं करणारं यंत्र. 1998 च्या लाइन सिक्स पॉडनं ही वाट रुळवली आणि केंपर कंपनीनं तिला पुढं नेलं. बॉसचा 2016 मधला 'कटाना' हा 50 वॅटचा कॉम्बो ऑर्केस्ट्रावाल्या वादकाला परवडणाऱ्या यंत्रांपैकी एक. त्यात ॲकूस्टिकपासून 'ब्राउन' या फाटक्या आवाजापर्यंत पाच स्वभाव आहेत, आणि ताकद 50, 25 किंवा अर्ध्या वॅटवर आणता येते. अर्ध्या वॅटवर रात्री घरी सराव करता येतो, हा गुण छोट्या शहरातल्या घरांसाठी लहान नाही.

भाचा इथं गप्प बसत नाही. "मामा, शंभर आवाज असलेल्या यंत्रात मी तासभर आवाजच शोधत बसतो. वाजवणं राहून जातं. एका अँपवर दोन वर्षं काढली तर त्याची नस कळते. बोट किती जोरात मारलं की तो कसा ओरडतो, आवाज थोडा कमी केला की कसा शांत होतो, हे कळतं."

मामांकडं याला चटकन उत्तर नाही, आणि असायची गरजही नाही. भाच्याचं हे म्हणणं या सगळ्या चर्चेतलं सगळ्यात मोलाचं आहे. वादक घडतो तो मर्यादेतून. फक्त त्यासाठी 120 वॅटचं व्हॉल्व्ह हेड लागतं असं नाही. कटानाचेही दोन आवाज पक्के करून बाकीचे विसरता येतात. मामांच्या पिढीनं एका स्वच्छ आवाजावर लावणीपासून भीमगीतापर्यंत सगळं वाजवलं, तीही मर्यादाच होती.

आवाजाच्या कायद्याचा उल्लेख दोघांनीही टाळला, पण त्याचा परिणाम अँपच्या निवडीवर होतो. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, आणि राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. मुंबईच्या रंगभवनातले उघड्यावरचे कार्यक्रमही शांतता क्षेत्राच्या नियमांमुळंच थांबले. कानाचं गणित कायद्याहून कडक आहे. अमेरिकेतल्या 'नायॉश' या व्यवसाय-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणं 85 डेसिबलमध्ये आठ तास चालतात, पुढं प्रत्येक 3 डेसिबलला वेळ निम्मा. 100 डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. सरावाच्या खोलीत ड्रमसोबत हा आकडा सहज गाठला जातो, तेव्हा कानात इअरप्लग घालणं हे वादनाचाच भाग मानावं.

मग घ्यायचं काय? पहिलाच अँप असेल आणि महिन्याचे बहुतेक कार्यक्रम लग्न, जयंती, भजनाचे असतील, तर मामा बरोबर आहेत. 50 ते 100 वॅटचा, बारा इंची स्पीकर असलेला, एका हातानं उचलता येईल असा ट्रान्झिस्टर किंवा मॉडेलिंग कॉम्बो घ्यावा. त्याला मिक्सरकडं जाणारं, कॅबिनेटचा आवाज धरलेलं आउटपुट आहे की नाही हे बघून घ्यावं, कारण मंडपात आवाज तिथूनच जाणार. मेटलसाठी सोबत एक ओव्हरड्राइव्ह पेडल, गेन खाली ठेवून. उरलेले पैसे स्टॅबिलायझर नि इअरप्लगसाठी ठेवावेत आणि थोडे चांगल्या जाड तारांसाठी. ड्रॉप सीला साध्या बारीक तारा लुळ्या पडतात, आणि लुळ्या तारेचा आवाज कुठलाही अँप घट्ट करू शकत नाही.

बँड पक्का असेल, ड्रमरसोबत दर आठवड्याला सराव होत असेल, सामान न्यायला गाडी असेल, तर भाच्यानं व्हॉल्व्हचा अँप जरूर घ्यावा. पण 120 वॅटचं हेड घेण्याआधी 15-20 वॅटचं छोटं हेड आणि एकाच चांगल्या स्पीकरचं कॅबिनेट ऐकून बघावं. घरापासून छोट्या सभागृहापर्यंत ते पुरतं, आणि मोठ्या मंचावर त्याच्यासमोर माईक लावता येतो.

सोलापूरला किंवा पुण्याला अँप ऐकायला जाल तेव्हा स्वतःची गिटार घेऊन जा, तुमच्याच तारा, तुमचंच लावणं. मिड मध्यावर ठेवून ऐका. शक्य असेल तर बँडमधला तालवाला सोबत न्या. संबळवाला आला तर फारच चांगलं.